तात्यांचं माळरान

वनखात्याचा कागद मी वाचून दाखवायच्या आधी तात्या दोन्ही तळवे धोतराला पुसायचे, जणू तो त्यांनाच हातात धरायचा आहे. मग म्हणायचे, "वाचा गार्डसाहेब, पन हळू वाचा."

मी तेव्हा नेकनूरकडच्या डोंगरपट्ट्यात वनरक्षक होतो. मोरांसाठी राखलेल्या अभयारण्याच्या हद्दीत तात्यांचं चार एकर माळरान आलं होतं. सातबारा त्यांच्या नावावर, कायदा सरकारचा. तिथं विहीर खोदायची नाही, झाड तोडायचं नाही, लांडोर अंड्यांवर असताना गवताला विळा लावायचा नाही. खालच्या शेतातला भुईमूग मोर उकरून खायचे, तेव्हा तात्या बांधावर हताश बसून असायचे. "सरकारी जावई हायती. बोलावं कुनाला?"

साहेबासमोर मान डोलावणारे आणि पाठ फिरली की मनाचं करणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. मला तात्या तसेच वाटले होते.

मग एका वर्षी पेरणीनंतर पाऊस फिरकलाच नाही. गावच्या दूध सोसायटीचे लोक विळे घेऊन माळावर आले. चेअरमन म्हणाले, "तात्या, तुमी सोसायटीचं सभासद. जनावरं मरायलीत अन् तुमी लांडोरीचं काय घेऊन बसलाव?"

तात्या भांडले नाहीत. घरामागची कडब्याची गंजी त्यांनी सोसायटीला देऊन टाकली. "हे न्या. तिकडं अंडी हायती."

आता त्यांच्याच बैलांना काही उरलं नाही. रोज कुणाला तरी नाही म्हणून मीही थकलो होतो. एका दुपारी म्हणालो, "तात्या, बैलांपुरतं कडेचं कापा. मी पाहिलं नाही."

"तुमी न्हाई बघितलं," ते म्हणाले, "ती अंड्यांवर बसून बघायलीय न्हवं."

अंडी फुटायच्या आत बैल बाजारात गेले. दसऱ्यानंतर तात्या आणि काकू, साठी उलटलेली दोघं, ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढले. तात्या वरून ओरडले, "कुत्री फिरकू देऊ नका तिकडं!"

तात्या फडातच गेले. मोळी उचलताना छातीत कळ आली म्हणे. काकू एकट्या परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "मला त्यो माळ दाखवा. मला कदी जाऊ दिलं न्हाई त्यांनी."

मी घेऊन गेलो. वाळलेलं पिवळं गवत गुडघ्याएवढं उभं होतं. काकूंनी त्यातून एकदा हात फिरवला.

"लई हाय की," मग त्या म्हणाल्या. "बैलांना पुरलं असतं."