डाळिंबाच्या मापाची टोपी

आता हे सांगावं की गिळावं, तेच कळेना! पण चहा आलाच आहे, तर ऐका माझा पराक्रम. फक्त हसताना कप सांभाळा.

माझी भाची सविता इंदापूरला एका दवाखान्यात सिस्टर आहे. थंडी वाढली तसा तिचा माझ्या बायकोला फोन आला. "मामी, दिवस भरायच्या आधी झालेली बारकी बाळं हायत हितं. डोकी गार पडत्यात त्यांची. लोकरीच्या टोप्या करून देशील का?"

झालं! बायकोनं बारामतीहून टोप्या विणायचं गोल यंत्र आणलं. हँडल फिरवलं की लोकरीची नळी खाली उतरते. एका टोकाचा दोरा ओढून गाठ मारली की टोपी तयार. तिच्या बारा टोप्या झाल्या आणि तिला बहिणीकडं पळसदेवला जावं लागलं. जाताना बजावलं, "मी उद्या तिकडनंच दवाखान्यात येते. तुमी पिशवी तेवढी आणा. यंत्राला हात लावायचा न्हाय!"

मला? अहो, आमच्या गावात, निरवांगीत, कुणाची मोटर बिघडली तरी आधी मला बोलावतात! दुरुस्त होत नाही, तो भाग वेगळा.

तिची एसटी सुटली नसेल, तोवर मी हँडल फिरवायला बसलो. दुपारपर्यंत हा ढीग! मग मापासाठी सविताला फोन लावला. "डोकं केवढं गं बाळाचं?"

"आपल्या मोठ्यातल्या मोठ्या डाळिंबाएवढं धरा की, मामा."

डाळिंब! आता यात मला कोण शिकवणार? वीस वर्षं बाग करतोय. शेडमधून एक टपोरं फळ आणलं आणि बायकोची टोपी त्यावर चढवली. तर नीट बसेना! डाळिंबाला वर मुकुट असतो ना, तो गाठीला अडायचा. म्हटलं, चुकली की ही! मुकुटाला जागाच ठेवली नाही बाईनं.

हसू नका. त्या क्षणी मला ते शंभर टक्के बरोबर वाटलं होतं.

माझ्या टोप्यांना मी गाठ मारलीच नाही. शिवाय हिच्या बाराच्या बारा गाठी छाटणीच्या कात्रीनं कापल्या. मग काय झकास बसली म्हणता टोपी! मुकुट बाहेर, लोकर खाली. मी स्वतःवरच खूश.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दवाखान्यात हजर झालो. बायको आधीच आली होती. सविता आम्हाला शमाबींकडं घेऊन गेली. त्यांच्या मांडीवर दिवस भरायच्या महिनाभर आधीच जन्मलेली नात होती. चेहरा मुठीएवढा, अंगावर दुपटं, डोकं उघडं. सवितानं टोपी चढवली. ती डोक्यावरून थेट गळ्यात!

"मामा, हे काय?"

"टोपी."

"वरनं उघडी?"

"मग! मुकुटाला जागा नको का?"

"कुणाच्या मुकुटाला?" बायकोनं विचारलं. मग पिशवीत हात घालून आपल्या बारा टोप्या ओळखल्या आणि माझ्याकडं जे बघितलं, ते मी सांगत नाही.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. आवाज अगदी बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. खरंच लाज वाटली हो मला. शहाणपणा माझा आणि गारठतंय ते लेकरू!

बायको बाकावर टेकली, सुई-दोरा काढला, टाका घालून गाठ मारली. टोपी बसली. जरा वेळानं बाळ शांत झोपलं. शमाबींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाऊ, तुमी इणल्या व्हय ह्या?"

"न्हाय न्हाय, समद्या हिनंच." लग्नानंतर पहिल्यांदाच मी सगळं श्रेय बायकोला दिलं.

"बघा की! केलेलं बी सांगत न्हाईत. लई मोठ्या मनाचा माणूस हाय."

बायकोनं दातानं दोरा तोडला. "व्हय चाची, मन लई मोठं हाय त्यांचं. वरनं गाठ मारायची तेवढी राहिलीया."

सगळा वॉर्ड हसला. मी गुपचूप डोक्यावरून हात फिरवून बघितला.