जपूनचा दोन्ही डिस्कचा प्लेअर

माझ्या धाकट्या भावाला सगळा गोतावळा ‘जपून’ म्हणतो. खरं नाव आता पगाराच्या पावतीवरच उरलंय. कुणी जिना उतरायला लागलं की हा म्हणणार, ‘जपून.’ कुणी चहाचा कप उचलला, ‘जपून.’ एकदा मी नुसती शिंकले तरी म्हणाला. कामाला आहे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. म्हणजे काळजी करायचाच पगार मिळतो म्हणा ना!

त्याने तो प्लेअर घेतला तेव्हा बाजारात झकास चित्राच्या दोन जातींच्या डिस्क होत्या, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. एकीची दुसरीच्या यंत्रात चालायची नाही. दोघींतली एक बुडणार हे दिसत होतं, कुठली ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या जपूनची झोप उडाली. दुकानाच्या चकरा मारून मारून चपला झिजवल्या आणि शेवटी दोन्ही चालणारा, सगळ्यांत महाग प्लेअर उचलून आणला. मी कपाळावर हात मारला.

“डोकं फिरलंय का तुझं? एवढ्यात फ्रीज आला असता.”

“आणि चुकीचा घेतला असता तर, ताई?”

भावजय हसत म्हणाली, “जाऊ द्या हो ताई. निदान आता झोपतील तरी.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत एचडी डीव्हीडी बुडाली. जपूनच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, पहिल्या वाढदिवसाचं शूटिंग करणाऱ्याने नेमकी तीच डिस्क दिली होती. पण आमच्याकडे ती झोकात चालायची. महिनाभर जपून छाती काढून फिरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची भीती खरी ठरली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा आता कुणाचं ऐकत नाही.

भाची शाळेतही जायला लागली नव्हती, तेव्हा भावजय साध्या तापाने गेली. साधा साधा म्हणता म्हणता गेली. तिचा आवाज त्या डिस्कवर तेवढा राहिला, दुसरीकडे कुठेही नाही. जपूनने प्लेअरची वायर काढली, डिस्क आतच ठेवली, वर टॉवेल गुंडाळला आणि सगळं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

“लावली की झिजेल,” म्हणाला.

“अरे, मग कॉपी तरी काढून आण.”

“आणि दुकानदाराने हरवली तर? ओरखडा पाडला तर?”

गंमत बघा, हाच माणूस इमारती-इमारतींत जाऊन सांगतो की लिफ्ट बंद ठेवू नका, बंद राहिली की बिघडते. घरात मात्र अक्कल टॉवेलमध्ये गुंडाळलेली. मी खूप भांडले. पण त्याचा चेहरा असा व्हायचा की पुढे बोलवत नसे.

परवा भाची माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. आता नोकरी करते, चांगली ताडमाड उंच झालीय. म्हणाली, “आत्या, मला वाटायचं आईचा आवाज मला आठवतो. काल लक्षात आलं, तो तुझा आहे.”

मी गॅस बंद केला आणि तिला घेऊन तशीच जपूनकडे गेले. “आज प्लेअर काढायचा,” म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं, आणि खुर्ची आणायला गेला.

त्याने टॉवेल सोडला. वायर लावली. हिरवा दिवा लागला तेव्हा आम्ही तिघंही हुश्श म्हणालो. मग टीव्हीवर अक्षरं आली: डिस्क वाचता येत नाही.

पुन्हा लावलं. तेच. डिस्क बाहेर काढून पुसावी म्हणून बटण दाबलं, तर आत नुसतं घर्र झालं आणि ट्रे हललाच नाही.

“ओढू नकोस!” जपून ओरडला. पोरीने हातही लावला नव्हता. आत अडकलीय माझी भावजय, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. जपून स्क्रू काढायला बसला. झाकण उघडलं तर ट्रे ओढणारा रबरी पट्टा वितळून काळा चिकटा झालेला.

“बंद ठेवल्याने,” तो हळूच म्हणाला. “चालवला असता तर निदान वेळेत कळलं असतं.” मला त्याला चार गोष्टी सुनवायच्या होत्या. त्याऐवजी मोबाईलचा उजेड धरला.

दातेरी चाक बोटाने फिरवत त्याने ट्रे बाहेर आणला. डिस्कच्या कडेला धुरकट डाग चढला होता. त्याने ती फडक्याने पुसली, डिस्क वाचणारी आतली काचही पुसली, पट्ट्याच्या जागी साधं रबर चढवलं आणि लावली.

चित्र आलं! फुगे, माझे तेव्हाचे काळे केस, आणि बाळाचे दोन्ही हात धरून वाकलेला जपून. मागून भावजयीचा आवाज आला, “अहो, सोडा की तिला...” आणि चित्र गोठलं. मग पडदा काळा.

पोरगी पांढरीफटक पडली होती. “बाबा, बास. आता नको. आणखी खराब झाली तर? जपून ठेवू या.”

जपूनने तिच्याकडे असं पाहिलं की बस्स! मग मला म्हणाला, “ताई, मोबाईल धर. रेकॉर्ड दाब.”

“बाबा, नको!”

त्याने बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही. माझा हात इतका कापत होता की दुसऱ्या हाताने धरावा लागला. मग पुन्हा ते फुगे, पुन्हा तो वाकलेला, आणि ती:

“अहो, सोडा की तिला! पडली तर पडली. मी आहे ना.”

पडद्यावरच्या जपूनने बाळाचे हात सोडले. बाळ एक पाऊल टाकून उभं राहिलं, आणि तिथे चित्र फुटलं. त्यानंतर त्या प्लेअरने डिस्क कधीच वाचली नाही.

प्लेअरचे पैसे वसूल झाले का, असं मला कुणी विचारू नये. पोरीच्या मोबाईलमध्ये आता आईचा आवाज आहे. ती रोज ऐकते. चित्र हलतं आणि शेवटी कुणीतरी मोठ्याने हुंदके देत असतं. ती मी आहे.