गावचे दिवस, बाहेरचे दिवस

पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात ‘व्यवसाय वित्ताची ओळख’ असं छापलेलं होतं आणि ते वाचूनच मी वही मिटून ठेवली होती. पनवेलच्या आमच्या कॉलेजात निम्मी मुलं बँकेच्या परीक्षा द्यायच्या म्हणून कॉमर्सला येत, उरलेली सायन्सला मार्क कमी पडले म्हणून. मी उरलेल्यांतली. वित्त म्हणजे काय असं मला कुणी विचारलं असतं, तर मी खिडकीबाहेर बघितलं असतं.

पहिल्या तासाला सर आले. उंचपुरे, घाटावरचे, शर्टाच्या खिशाला खडूची भुकटी लागलेली. फळ्यावर एकही सूत्र न लिहिता त्यांनी विचारलं, “कुणाकुणाच्या घरी पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवतात?” वर्ग एकदम जागा झाला. पनवेल-उरणच्या गावांतली बरीच मुलं समोर बसलेली, आणि पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आमची आगोट, हा तर आमचा हातखंडा विषय. कुणी उरणच्या मोरा बंदरावरचा भाव सांगितला, कुणी आजीचा. सर एकेक विचारत गेले. मे महिन्यात बोंबील काय भावाने? आषाढात काय भावाने? मधल्या काळात आईचे पैसे डब्यात अडकले, त्याचं काय? आणि ओल लागून माल गेला तर? तास संपला तेव्हा फळ्यावर परतावा, काळ आणि जोखीम एवढे तीनच शब्द होते, आणि ते तिन्ही माझ्या आईला कधीपासून येतात असं मला वाटत होतं.

नंतर कळलं की सर शुद्ध शाकाहारी. बोंबलाचा त्यांना वाससुद्धा सहन होत नसे. समोर कोण बसणार आहे याची चौकशी करून त्यांनी तो तास बांधला होता. माणूस मला तिथेच आवडला, आणि मी काही कुणाला इतक्या लवकर पास करत नाही.

त्यांचा एक नियम होता. कॅल्क्युलेटर बाकावर पालथा ठेवायचा. आधी तोंडाने सांगायचं, वाढेल की घटेल आणि का, मगच बटणं दाबायची. जो “सर, उत्तर आलं” म्हणायचा त्याला ते विचारत, “आलं की तू आणलंस?” आम्ही त्यांची नक्कल करायचो, पण कॅल्क्युलेटर मात्र मुकाट्याने पालथा घालायचो. एकदा एका मुलाने विचारलं, “सर, तुमचं गाव कुठलं?” सर म्हणाले, “होतं एक. घर विकलं, चुलते पांगले. आता इथला भाड्याचा फ्लॅट.” आणि फळ्याकडे वळले.

दुसऱ्या सत्रात त्यांनी प्रकल्प दिला. पुस्तकातली कारखान्याची उदाहरणं घ्यायची नाहीत. सध्या घरात ज्यावरून वाद चालू आहे असा एक पैशाचा निर्णय घ्यायचा आणि वर्गासमोर मांडायचा. मला शोधत बसावं लागलं नाही. आमच्या घरी रोज जेवताना हाच विषय असायचा.

आजोबांची मिठागरं होती, ती सरकारने घेतली. बदल्यात, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के या हिशेबाने, प्लॉट आले. चुलत्यांनी आपापले विकले, बंगले बांधले, गाड्या घेतल्या, आणि आता गाड्यांचे हप्ते भरत होते. पप्पा कंटेनर यार्डात नोकरीला होते. त्यांनी आपला प्लॉट दातांत धरल्यासारखा धरून ठेवला होता. आता मात्र त्यांच्या डोक्यात लग्नाचा हॉल शिरला. साधासुधा नाही. एसी, छताला झुंबर, मागे कारंजं आणि दारात सिमेंटचे दोन हत्ती. त्यासाठी प्लॉटचे कागद बँकेत ठेवून कर्ज काढायचं ठरत होतं. हप्ते थकले असते तर प्लॉट गेला असता, आणि मग आमच्याकडे जमीन म्हणून तुळशीवृंदावनाखालची तेवढी उरली असती. आई रोज नको म्हणायची. पप्पा म्हणायचे, “अगो, माजी ओलख किती हाय! गावातली सगली लग्नं आपल्याकडंच व्हनार.”

मी तेच मांडलं. पंचांग घेऊन लग्नाच्या तारखा काढल्या, गावात कुणाकुणाची लग्नं जमण्यासारखी आहेत ते आईला विचारलं, प्रत्येक तारखेपुढे भाडं लिहिलं. हळदीचे दिवस वेगळे धरले, कारण आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. कर्जाचे हप्ते वजा जाऊन वर चांगलं उरत होतं. सर मान डोलावत होते. त्यांनी माझं गणित तपासलं, बरोबर निघालं, आणि “शाबास” असं म्हणालेही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून शेजारच्या ओवे गावचा एक मुलगा हसायला लागला. “सर, हिच्या सगल्या तारखा फुकट हाय.”

“म्हणजे?”

“गावाकडनं भाडं कोन घेत नाय. हलदीला मांडव कुनाचा, भांडी कुनाची, वाढायला सगला गाव. तिचे पप्पा काय भाऊकीला पावती देनार?”

अर्धा वर्ग हसला. हसणारे सगळे आमचेच, गावांतले. कळंबोली-खारघरच्या सोसायट्यांतली मुलं आणि सर एकमेकांकडे बघत राहिले. मला आधी राग आला, मग लगेच कळलं की तो खरं बोलतोय. आमच्या गावात आजवर कुणी कुणाकडून जागेचं भाडं घेतलेलं नव्हतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण जमेच्या बाजूला आकडे भरताना डोक्यातही आलं नाही.

दुसरा कुणी मास्तर असता तर ‘असला अव्यवहारीपणा धंद्यात चालत नाही’ म्हणून मोकळा झाला असता. सर खुर्चीत बसले. म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं. माझी शाबासकी चुकली. घरी विचारून ये, वडील गावाकडून भाडं घेणार आहेत का.”

मी घरी विचारलं. पप्पांच्या हातातला घास हातात राहिला. “माज्या दारात गाव येनार आन मी पावती फाडू? मग हॉल कशाला बांदतोय मी? तुजं कॉलेज तुज्याजवल ठेव!” पुढे दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. पण त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मिठागरं गेल्यावर गाव एकत्र जमेल अशी जागाच राहिली नव्हती. जिकडे बघावं तिकडे इमारती. पप्पांना हॉल गावासाठी हवा होता, आणि ते स्वतःलाच धंदा म्हणून समजावत होते.

मी हे सरांना सांगितलं, आणि पुढच्या रविवारी ते स्कूटरवरून आमच्या प्लॉटवर आले. पप्पा छाती काढून उभे, भांडायच्या तयारीने. सरांनी भांडण काही दिलंच नाही. एक काटकी उचलली, मातीत उभी रेघ ओढली, एका बाजूला लिहिलं ‘गावचे दिवस’, दुसऱ्या बाजूला ‘बाहेरचे दिवस’. म्हणाले, “गावचे आधी भरू. तिथे भाडं शून्य, फक्त वीज आणि सफाई. हे तुमचं ठरलेलं, त्यात मी बोलणार नाही. आता उरलेल्या दिवसांवर ही जागा उभी राहते का, एवढंच बघू.”

पप्पांचा आवाज तिथेच खाली आला. मी बघत होते. त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच नको म्हणण्याऐवजी किती आणि कसं असं विचारलं होतं.

पण अडचण होतीच. चांगले मुहूर्त सगळे गावाच्याच बाजूला गेले. चातुर्मासात तर दोन्ही बाजू कोऱ्या. “चातुर्मासात लग्न कोण करतं?” सरांनी विचारलं. पप्पा म्हणाले, “कोन नाय.” तेव्हा मला आमच्या वर्गातली रोडपालीची मल्याळी मुलगी आठवली. मी म्हटलं, “सर, गेल्या श्रावणात तिच्या भावाचं लग्न होतं. तुम्हीच सुट्टी दिली होती. परवडणारा हॉल मिळाला नाही म्हणून जेवणं सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली, ताडपत्री बांधून.”

“श्रावनात लगीन?” पप्पा थक्क झाले.

सर इतके खूश झाले की काटकी मोडली. आजूबाजूच्या टॉवरांत देशभरातली माणसं राहत होती. त्यांचे मुहूर्त वेगळे, शिवाय वाढदिवस, बारशी, निवृत्तीचे समारंभ. त्यांना पावसात कोरडी जागा हवी होती. म्हणजे भक्कम छत हवं, झुंबर नको, एसी नको. पत्र्याची उंच शेड, चांगला ओटा आणि स्वयंपाकघर एवढं पप्पांच्या फंडातून होत होतं. प्लॉटचे कागद कपाटातच राहिले. आईने त्या दिवशी सरांना तीन वेळा चहा दिला. कारंजं गेलं, हत्ती मात्र पप्पांनी सोडले नाहीत. ते आजही दारात उभे आहेत आणि कुठल्याच गणितात बसत नाहीत.

जागा चालली. भरभराट वगैरे म्हणणार नाही, पण चालली. आज त्याचा हिशेब मी बघते, आणि दर वर्षी भिंतीवर जो तक्ता लावते त्यात तीच उभी रेघ असते. इकडे गावचे, तिकडे बाहेरचे.

गेल्या वर्षी सर आले. केस पांढरे झालेले, खिशाला खडू नव्हता. मुलीचं लग्न ठरलं होतं. वैशाखातली तारीख रिकामी होती. त्यांनी भाड्याचा दर विचारला आणि चेकबुक काढलं. पप्पांनी त्यांचा हात धरला.

सर कडक आवाजात म्हणाले, “हे चालणार नाही. नियम तुमचाच आहे. बाहेरच्यांनी भाडं द्यायचं.”

पप्पांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, तक्त्याशी गेले आणि सरांच्या मुलीची हळद आणि लग्न, दोन्ही गावच्या बाजूला लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं, पण ठसठशीत.

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाला पुसला. मग म्हणाले, “माझ्याकडे वाढायला माणसं नाहीत हो. कोण येणार?”

“कोन म्हनजे?” पप्पा म्हणाले. “गाव येल.”

गाव आलं. बायका दुपारपासून भाजी चिरायला बसल्या, ओवे गावचा तो मुलगा वाढायला आला, चुलते पातेली उचलत होते. सरांसाठी त्या रात्री सगळं शाकाहारी होतं. मटणाशिवाय हळद आमच्या गावात त्याआधी कुणी पाहिली नव्हती, आणि माझ्या तापट चुलत्यानेसुद्धा पानावर पनीर मुकाट्याने घेतलं. सर पंगतीच्या टोकाला उभे होते. मला ते सारखे विचारत होते, पुढची पंगत कधी बसणार, सगळ्यांना पुरेल ना. मी म्हटलं, “सर, बसा तुम्ही. गाव बघतंय.” मग ते बसले आणि माझ्या आईने त्यांना वाढलं.