नववं जाळं

श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात केबल टाकणाऱ्या वायरमनचं नाव मी कधी विचारलंच नाही. जोडलेली प्रत्येक केबल तो दोनदा ओढून बघायचा.

मी तिथे कॉम्प्युटरचं काम बघायचो. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या आमच्या स्विचच्या पेटीत आठच व्हीलॅन, म्हणजे खात्यांची आठ वेगळी जाळी, मावत. ठाऊक असूनही मॅनेजरांपुढे शान म्हणून मी नववं खातं वजनकाट्याच्याच जाळ्यात घुसवलं. काट्याचा कॉम्प्युटर अडकला. उसाच्या गाड्या फाटकापर्यंत तुंबल्या.

"अरं, ऊस वाळाया लागला की!" गाडीवान ओरडले.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "केबल सैल असेल."

वायरमनने सगळ्या केबली दोनदा ओढल्या. "घट्ट हायेत, सायेब. तुमच्या पेटीत जागा उरलीय का, तेवढं बगा."

मी पेटीसमोर जाऊन उभा राहिलो. मॅनेजरांनी त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं.

मी निवृत्त होईपर्यंत त्याची एकही केबल सुटली नाही.