नुसता ऐकणारा रेडिओ

मारुंजीत मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्या काकांना आपापल्या वायरलेस संचावरून एकमेकांशी बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांची बोलणी ऐकायचा नाद होता. रेडिओ संगणकाला जोडलेला होता. कुठल्या फ्रिक्वेन्सी आळीपाळीने तपासायच्या, ते प्रोग्रामात भरावं लागे, आणि ते टायपिंग माझ्याकडे यायचं. ऑफिसातून पिळून निघालेला मी जांभया देत आकडे भरायचो. काका प्रत्येक आकड्यानंतर विचारायचे, "बरूबर हाय न्हवं?"

एका रविवारी नवी यादी चालू केली आणि पडद्यावरचा फिरता आकडा आवाज सापडून मध्येच थांबला. ताम्हिणीच्या डोंगरावरून एक तरुण हातातल्या वायरलेसवर हाका मारत होता. त्याच्या मित्राचा पाय मोडला होता आणि मोबाइल लागत नव्हता.

"कुणी ऐकतंय का?"

"ऐकतुया, बोल," काका म्हणाले.

"काका, आपला रेडिओ नुसता ऐकायचा. तुमचं बोलणं त्याला नाही जाणार."

"ठावं हाय मला."

त्यांनी फोन करून पोलिसांना जागा नीट समजावली. मग पुन्हा येऊन बसले आणि त्या पोराच्या प्रत्येक हाकेला उत्तर देत राहिले.

"मानसं निघाल्यात. पानी पाज त्याला. घाबरू नगंस."

उन्हं कलली तेव्हा तो थकलेला आवाज म्हणाला, "खालून माणसं येतायत. आपलं रेडिओवर कुणीच ऐकलं नाही रे."

"न्हाई तर न्हाई. पोचली न्हवं मानसं," काका पुटपुटले, आणि बसल्या खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.