खाऱ्या पाण्याची पेटी

“आवं, हाय का?”

“हाय.”

भिंतीपलीकडून एवढं ऐकू आलं की आमच्या घरी चूल पेटायची. विचारायच्या त्या मामी. त्यांना दिसत नसे. उत्तर द्यायचे ते मामा. मामा तंबोरे बनवायचे; मग ते भोपळा मांडीवर घेऊन कामाला बसत. अशी कमी बोलणारी माणसं तुमच्याही शेजारी असतील.

मी तेव्हा मिरजेत नवी सून होते. चारचौघांत माझा शब्द फुटत नसे. मामा म्हणायचे, “हिच्याजवळ बसलं की कान दुखत न्हाईत.”

त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईच्या दिवसांत मुंबईला गेला आणि मालाच्या जहाजावर खलाशी झाला. पुढे त्या जहाजाचं काही कळलं नाही. मामांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. कोणी धीर द्यायला आलं की ते एकच विचारायचे, “खाऱ्या पाण्यात जीव राहतो का वो?”

शेवटी त्यांनी पेटी केली. लाकडाची चौकट, चारी बाजूंना काचा, सांध्यांत लाख वितळवून भरलेली. थेंब गळत नव्हता. गल्लीत हसं झालं.

“मामा, हिला तारा कुठं लावणार?”

“तू गाया शीक आधी, मग लावतो.”

रत्नागिरीहून सुकट आणणाऱ्या लॉरीवाल्याने डबे भरून समुद्राचं पाणी आणलं आणि एका मडक्यात बोटाएवढा काळपट मासा. सगळे म्हणाले, सोडा आता पेटीत. मामा सोडेनात. मडकं पुढ्यात घेऊन पेटीतलं पाणी वाटीवाटीने त्यात घालत बसले.

“नवी सून आल्या आल्या चुलीम्होरं बसवत्यात व्हय? घराचा वास तरी घिऊ द्या तिला,” मामा म्हणाले.

मी पदराआड हसले. मला आल्या दिवशीच भाकऱ्या थापायला बसवलं होतं.

दुपारी मासा पेटीत गेला आणि तळाला निपचित पडला. मामी दाराशी बसून होत्या.

“हाय का?”

मामा काचेवर वाकले. मग माशाने शेपटी हलवली.

“हाय!” मामा ओरडलेच. मामी पदराने डोळे टिपू लागल्या. मासा जगला तर पोरगाही जिवंत आहे, असं दोघांनी मनाशी धरलं होतं. गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. नंतर कोणी हसलं नाही.

काम करता करता मामा माशाशी बोलत. “ऊन लय हाय गड्या आज.” माणसांशी बोलले नसतील एवढं त्याच्याशी बोलले.

उन्हाळ्यात पेटीतलं पाणी उतरू लागलं. मामा तांब्यात मीठ विरघळवून त्या पाण्याची भर घालत. मी एकदा भीत भीत विचारलं, साधंच घातलं तर?

“आगं, गोडं पाणी घातल्यावर त्यो समुद्र कसला?”

काचांच्या कडेला पांढरी पुटं चढत गेली.

एका सकाळी मी विस्तव मागायला गेले. मामा पेटीपुढे उभे होते. मासा त्यांच्या ओंजळीत होता, हलत नव्हता. आतून मामींचा आवाज आला, “आवं, हाय का?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

“हाय,” म्हणाले.

पुढच्या खेपेला लॉरीवाला हळूच म्हणाला, “मामा, उन्हानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं. साधं पाणीच घालायचं होतं. दुसरा आणू का?”

मामांनी मान हलवली. नको.

त्यानंतरही रोज सकाळी भिंतीपलीकडे तेच चालू राहिलं. पेटी कोरडी पडली तरी. मग थंडीत मामा तापाने गेले.

मी मामींना भाकरी पोचवू लागले. त्या कधी विचारतील याची मला धास्ती होती. काय सांगायचं ते ठरवूनही ठेवलं होतं. त्या विचारेनात. शेवटी मीच म्हटलं, “मामी, मासा आहे.”

“न्हाई गं. त्येच्याशी बोलायचं सोडलं ह्येंनी, तवाच कळलं मला.”

“मग रोज का विचारायच्यात?”

मामींनी भाकरी चाचपली. “मी इच्यारलं नसतं, तर ह्येंनी कुणाला सांगितलं असतं, हाय म्हणून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे बसले. पलीकडे मामी उठल्या, खोकल्या. मी ‘हाय का?’ची वाट पाहिली, ते आलं नाही. फुंकणी माझ्या हातात तशीच राहिली.