दार न उघडणारा हिरो

मला राग आला की आधी माझे कान तापतात. नंदुरबारच्या टॉकीजमधून बाहेर पडले तेव्हा ते इतके तापले होते की दारावरचा माणूस थ्रीडी चष्मा परत मागतोय हेही मला धड ऐकू आलं नाही. शेवटी त्याने तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"ताई, पिक्चर आवडना नही का?" तो म्हणाला. "पब्लिक त शिट्या वाजाडी ऱ्हायनी."

"पब्लिकले काय कळस?" मी म्हटलं आणि याहाचा दंड धरून पायऱ्या उतरले. याहा म्हणजे माझी आई. आमच्या मोलगीकडच्या डोंगरात आईला याहाच म्हणतात.

बत्तीस वर्षांची बाई, तळोद्याला सरकारी नोकरी, आणि सुपरहिरोच्या पिक्चरवर जीव टाकते, यावर आमच्या ऑफिसात पोटभर हसून झालंय. हसा. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्या हिरोचं चित्र आहे आणि ते तिथेच राहील. मात्र ते जुन्या हिरोचं आहे. या नव्याचं चित्र कुणी फुकट दिलं तरी मी त्याने चुलीजवळची कढई धरणार नाही.

जुना पिक्चर मी आश्रमशाळेत पाहिला. आमचे एक सर शनिवारी टीव्हीवर सीडी लावायचे आणि आम्ही सगळ्या पोरी एका टीव्हीपुढे दाटीवाटीने बसायचो. त्यातल्या हिरोला जगातली कुठलीही हाक ऐकू यायची, कितीही लांबची. तो लहान असताना त्याची आई त्याला अनाथाश्रमाच्या दारात ठेवून कामाला गेलेली असते. पुढे तो सगळ्यांच्या हाकांना धावतो, फक्त तिची हाक येत नाही. अगदी शेवटी ती येते, म्हातारी होऊन, फार उशिरा. तो दार उघडतो आणि तिला पाणी देतो. काही विचारत नाही. मारामारी संपली म्हणून बाकीच्या पोरी उठल्या होत्या, मी एकटी बसून रडत होते.

कारण त्याच वर्षी मी माझ्या याहाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. दिवाळी झाली की याहा आणि बाबा ऊस तोडायला गुजरातला जायचे. त्या वर्षी त्यांनी मला पहिल्यांदा शाळेत ठेवलं. फाटकाशी उभं राहून याहा म्हणाली, अठरा बाजार झाले की मी येते. आमच्याकडे महिने कोण मोजतं? मोलगीचा आठवड्याचा बाजार मोजायचा. शाळा रस्त्यालाच होती. कोंबड्या, टोपल्या आणि टपावर माणसं घेऊन जीपा गेल्या की बाजाराचा दिवस. त्या दिवशी मी माझ्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून खिळ्याने एक रेघ ओढायची.

अठरावी रेघ ओढली त्या दिवशी मी सकाळपासून फाटकाशी बसले. याहा आली नाही. दोनच दिवसांनी होळी होती. इतर पोरींचे आईबाप येऊन त्यांना घेऊन गेले. शाळेत मी, आणखी दोघी आणि स्वयंपाकाच्या बाई एवढ्याच उरलो. डोंगरातून ढोल ऐकू येत होते. मी ठरवून टाकलं की मला आई नाही.

पुढच्या बाजाराला ती आली. तिच्या हातांना उसाच्या पाचटाचे चरे होते आणि पदरात गुळाचा खडा होता. हे मला कसं माहीत? मी पाण्याच्या टाकीमागून बघत होते. बाईंना मी सांगून ठेवलं होतं, तिला म्हणा मला भेटायचं नाही. ती दुपारपर्यंत फाटकाशी बसली. मग जीपा परतायला लागल्या तशी गूळ बाईंकडे ठेवून निघून गेली. त्याच्या पुढच्या बाजाराला मला न्यायला पुन्हा आली, तेव्हा मी मुकाट्याने गेले. त्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही नाही. बावीस वर्षं नाही.

म्हणून हा पिक्चर नव्याने, नवा नट घेऊन येतोय हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला होता! जुन्या सीडीचा केव्हाच चुरा झाला होता. वाटलं, याहाला नंदुरबारला नेऊ आणि मोठ्या पडद्यावर तो शेवट दाखवू. तो दार उघडेल, पाणी देईल, आणि अंधारात मी तिचा हात धरून म्हणेन, याहा, मी असं करायला हवं होतं. बाकी काही बोलावं लागणार नाही. सरकारी कागद खरडणारी मी, मला माझ्या तोंडाने एवढं एक वाक्य जमत नव्हतं. ते पिक्चरने बोलावं असं मला वाटत होतं.

याहा नवं लुगडं नेसून जीपने डोंगर उतरून आली. मध्यंतरापर्यंत मजेत होती. हिंदी तिला थोडीच कळते, म्हणून मी कानात आमच्या बोलीत सांगत होते. एवढं उडतोय तर हा जेवतो कधी, असं तिने दोनदा विचारलं.

आणि मग शेवट आला. म्हातारी आई दार वाजवते. नव्या हिरोला ऐकू येतं, त्याला तर सगळंच ऐकू येतं. तो दाराच्या आत उभा, अंगावर तेल चोपडल्यासारखे चकचकीत दंड, आणि म्हणतो, आता फार उशीर झाला. दार उघडत नाही. ढोलताशे वाजतात, तो छप्पर फोडून उडून जातो. आई पायरीवर बसून राहते. टॉकीजभर शिट्या!

मेल्यांनो, शिट्या कशाच्या वाजवता? आईला दारात बसवून ठेवायला कसली ताकद लागते? ते मी दहा वर्षांची असताना केलं होतं, अंगात कसलीही शक्ती नसताना, टाकीमागे बसून. ते करणं सोपंच आहे. आणि हे शहाणे कोट्यवधी खर्चून त्यालाच शूरपणा म्हणतात! त्यांच्यातल्या एकालाही कुणी फाटकाशी सोडून गेलं नसेल, की कुणी त्यांची वाट पाहिली नसेल.

मी कानात सांगायचं कधीच थांबवलं होतं. पण दार लागलेलं याहाला दिसत होतंच. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. तिला काय वाटलं असेल? पोरीने इतक्या लांब आणून हेच दाखवलं?

तळोद्याच्या जीपमध्ये बसेपर्यंत मी तोंडाचा पट्टा चालूच ठेवला. दिग्दर्शक मूर्ख, नट ठोकळा, जुना पिक्चर असा नव्हता, जुन्यात तो दार उघडतो. याहा खिडकीबाहेर पपईच्या बागा बघत होती. तिकडेच बघत तिने विचारलं, "त्याच्या आईने किती बाजार सांगितले होते?"

"सांगितले नव्हते," मी म्हटलं.

"मग उशीर झाला हे त्याला कसं कळलं?"

मग तीच हळूच म्हणाली, "मी तुला अठरा सांगितले होते. अठराव्यालाच आले होते. होळीलासुद्धा मुकादमाने सोडलं नाही, पण मी भांडून आले."

"एकोणिसावा होता याहा," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच. "माझ्या पेटीवर रेघा होत्या. जीपा भरून गेल्या की रेघ. अठरावी होळीच्या दोन दिवस आधी ओढली."

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. तळोदा जवळ आलं तरी मोजत होती. मग थांबली.

"तो होळीचा भोंगऱ्या बाजार," ती म्हणाली. "वर्षातून एकदाच भरतो. त्यालाही जीपा भरून जातात. तो मोजायचा नसतो."

जीपमध्ये कोंबडी होती, दोन पोती होती, आमच्यासमोर एक बाई झोपली होती. मी त्या कोंबडीकडे बघत बसले. कान अजून तापलेलेच होते, पण आता कुणावर चिडावं ते कळत नव्हतं.

याहाने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"मला इतकी वर्षं वाटलं," ती म्हणाली, "तू मोजलेच नाहीस."